मोतद्दाराचं पुढं काय झालं

ना. सं. इनामदारांची ‘झेप’ पहिल्यांदा माझ्या हाती आली तेव्हा तिला वरचा पुठ्ठाच नव्हता. आर्वीच्या वाचनालयात एका कपाटाच्या तळाशी ती सुतळीनं बांधून ठेवलेली होती. 1963 ची कादंबरी, पण सात-आठ वर्षांत इतक्या घरांतून फिरली होती की कडेची पानं तेलकट पिवळी पडली होती. मी आठवीत होतो. घरी गोष्टीची पुस्तकं वाचताना सापडलो तर बाबांचा हात चालायचा, म्हणून मी ती घेऊन जागलीला गेलो.

शेत देऊरवाड्याच्या वाटेवर, वर्धा नदीच्या अलीकडं. पलीकडं कौंडण्यपूर. रात्री कार्तिकातली यात्रा असली की तिकडचे दिवे दिसायचे. ज्वारी हुरड्यावर आली की मचाणावर कंदील टांगून आमचा सालगडी जागल करायचा. आम्ही पोरं त्याला मामा म्हणायचो. रोहण्याकडचा माणूस. पाडव्याला साल ठरलं, की पुढच्या पाडव्यापर्यंत तो आमचा. सालाचे पैसे, महिन्याची ज्वारी, एक घोंगडी आणि चपलेचा जोड. गवळाऊ बैलांची जोडी त्याच्याच हाताखाली होती आणि बाबांपेक्षा त्याला ती जास्त ओळखायची.

मामाला वाचता येत नव्हतं. मग मीच मोठ्यानं वाचायचो. कोल्हे ओरडायला लागले की तो मधेच उठून टिनाचा डबा वाजवायचा आणि परत येऊन म्हणायचा, “हां, वाच पुढं.”

त्रिंबकजी डेंगळे. संगमनेरकडच्या निमगाव जाळीच्या पाटील घराण्यातला मुलगा, दुसऱ्या बाजीरावाच्या पदरी जासूद. जासूद म्हणजे निरोप्या. पायात बळ आणि तोंडाला कुलूप असलेला. 1802 मध्ये होळकरांच्या धाकानं बाजीराव पुणं सोडून महाडकडं पळाला, तेव्हा यानं पुण्याला पत्र पोचवून उत्तर इतक्या लवकर आणलं की धनी खूश झाला. जासुदाचा खिजमतगार झाला, खिजमतगाराचा कारभारी. त्या दिवसांत पेशव्याच्या कानाशी त्याच्याइतका जवळचा दुसरा कोणी उरला नाही. मामाला हे सगळं फार आवडलं. “पायानं कमावलं बाप्पा त्यानं,” तो म्हणाला.

इनामदारांना इतिहासानं बदनाम केलेल्या माणसांची ओढ होती. यशवंतराव होळकरांवर ‘झुंज’, बाजीरावावर ‘मंत्रावेगळा’, आणि त्यांच्या आधी हा त्रिंबकजी. आरोपीच्या पिंजऱ्यातल्या माणसाचं म्हणणं ऐकून घ्यावं तसं ते लिहितात. शाळेच्या पुस्तकात त्रिंबकजी दीड ओळीचा होता, आणि ती दीड ओळ खुनाची होती. गायकवाडांचे वकील गंगाधरशास्त्री पटवर्धन इंग्रजांच्या हमीवर पुण्याला आले होते. जुलै 1815 मध्ये पंढरपुरात, विठ्ठलाच्या दर्शनाहून परतताना, त्यांना वाटेत तोडलं. पुण्याचा इंग्रज रेसिडेंट एल्फिन्स्टननं त्रिंबकजीकडं बोट दाखवलं. बाजीरावानं थोडे आढेवेढे घेतले आणि शेवटी आपल्या माणसाला इंग्रजांच्या हवाली केलं. रवानगी ठाण्याच्या किल्ल्यात झाली. एतद्देशीय शिपाई फितूर होतील म्हणून पहारा सगळा गोऱ्यांचा.

पुढची गोष्ट आम्हाला इतिहासाच्या गुरुजींनी सांगितली. माझ्या पिशवीत ‘झेप’ पाहून ते रागावले नाहीत, उलट मधल्या सुट्टीत थांबवून घेतलं. किल्ल्यातल्या एका इंग्रज अधिकाऱ्याकडं एक मराठी मोतद्दार घोडा सांभाळायला लागला. रोज तो धन्याचा घोडा फिरवत कैद्याच्या खिडकीखालून जायचा आणि जाता-येता गाणं म्हणायचा. सुटकेसाठी कोण कुठं थांबलंय, काय करायचं, सगळं त्या गाण्यात. गोऱ्या पहारेकऱ्यांना मराठी येत नव्हती; नोकर गुणगुणतोय, गुणगुणू दे. सप्टेंबर 1816 मधल्या एका रात्री त्रिंबकजी निसटला. कलकत्त्याचे बिशप हेबर यांनी पुढं ही हकिकत आपल्या प्रवासवर्णनात नोंदवून ठेवली.

त्याच रात्री मी ती मामाला सांगितली. तो बराच वेळ काही बोलला नाही. मग हसू फुटलं त्याला. “गाणं म्हणत म्हणत सांगत होता? अन् गोऱ्याले काहीच समजलं नाही?” दोनदा विचारलं. नंतर विडी विझवून म्हणाला, “मंग त्या मोतद्दाराचं काय झालं?”

मला माहीत नव्हतं. गुरुजींना विचारलं, तर ते म्हणाले, “अरे, तो मुख्य विषय नाही.”

त्या वर्षी शीतादही, म्हणजे वेचणीची पूजा, झाल्यावर दुसऱ्या वेच्याचा कापूस कोठ्याशेजारच्या खोलीत भरला होता. एक दिवस त्यातली दोन गाठोडी कमी भरली. किल्ली मामाकडं असायची. बाबांनी त्याला ओसरीसमोर उन्हात बसवलं, सकाळपासून बैल सोडायच्या वेळेपर्यंत. मारलं नाही, आमच्या घरात याचा नंतर बरीच वर्षं अभिमानानं उल्लेख व्हायचा. गावातले दोन-तीन शेतकरी येऊन बसले, सुपारी कातरली गेली, निकाल झाला. दोन मण ज्वारी वजा. मामा एवढंच म्हणाला, “मी नाही नेला मालक.” मी खिडकीतून पाहत होतो, हातात भूगोलाचं पुस्तक धरून.

महिन्याभरानं कळलं की कापूस माझ्या चुलतभावानं विकला होता. आमच्याच बंडीतून नेऊन, पुलगावला जाणाऱ्या ‘शकुंतला’ आगगाडीच्या स्टेशनाशेजारी, कुणा फिरत्या व्यापाऱ्याला. त्याला सिनेमासाठी पैसे हवे होते. घरात आरडाओरडा झाला, आईनं मधे पडून मिटवलं. पोरगा हुशार होता, जूनमध्ये नागपूरला शिकायला जायचा होता.

पाडव्याला मामानं साल वाढवलं नाही. भांडला नाही, काही मागितलं नाही. बैलांना पाणी दाखवलं, घोंगडी खांद्यावर टाकली आणि निघाला.

‘झेप’ मी आयुष्यात चार वेळा वाचली. वर्ध्याला कॉलेजात असताना दुसऱ्यांदा, तेव्हा मी पूर्ण त्रिंबकजीच्या बाजूनं होतो आणि एल्फिन्स्टनला मनातल्या मनात शिव्या देत होतो. शाळेत शिकवायला लागल्यावर तिसऱ्यांदा, तेव्हा इनामदारांचे संवाद जरा लांब वाटले. चौथ्यांदा सेवानिवृत्तीनंतर, आणि या खेपेला माझं लक्ष कादंबरीबाहेरच्या हिशेबावर गेलं. 1818 च्या एप्रिलमध्ये बाजीरावाची पळापळ आमच्या वऱ्हाडापर्यंत आली, पांढरकवड्याजवळ त्याचा पराभव झाला. जूनच्या सुरुवातीला तो इंग्रज अधिकारी माल्कमच्या स्वाधीन झाला. त्याला मिळाले वर्षाला 8 लाख रुपये आणि गंगेकाठचं बिठूर. तिथं तो 1851 पर्यंत जगला. 1818 मध्येच त्रिंबकजी पकडला गेला. त्याला मिळाला काशीजवळचा चुनारचा किल्ला. बिशप हेबर यांनी त्याला 1824 मध्ये तिथंच कैदेत पाहिलं. 1829 मध्ये तो तिथंच वारला. शास्त्र्यांच्या खुनात धन्याचा हात किती आणि चाकराचा किती, यावर इतिहासकार भांडले, पण शिक्षेची वाटणी आधीच होऊन गेली होती.

इनामदारांनी चाकराला नायक केलं, हे त्या काळात मोठंच काम होतं. पण नायक होण्यासाठी चाकराला आधी झेप घ्यावी लागली. कारभारी झाल्याशिवाय त्याच्यावर कादंबरी लिहायला कोण बसलं असतं? मोतद्दार घोडाच फिरवत राहिला.

चारेक वर्षांपूर्वी मुलीकडं ठाण्याला गेलो होतो. तो किल्ला म्हणजे आताचं मध्यवर्ती कारागृह. भिंतीबाहेरच्या रस्त्यानं सकाळी फिरून आलो. भिंतीपलीकडं काय चाललंय ते कळायला मार्ग नव्हता. बाहेर एक बाई डबा घेऊन भेटीच्या वेळेची वाट पाहत बसली होती. मला तेवढ्यात जागलीचा टिनाचा डबा आठवला.

बाबा गेल्यावर त्यांच्या वह्या माझ्याकडं आल्या. लाल कापडाच्या, उभ्या. त्या वर्षाची वही शोधायला वेळ लागला नाही. मामाच्या नावापुढं स्वच्छ मोडी वळणाच्या देवनागरीत: ज्वारी मण 2 वजा. नंतर कुठं जमा नाही. मी पाडव्यापर्यंतची पानं बोट ठेवून पाहिली. जूनच्या पानावर चुलतभावाच्या वसतिगृहाची फी आहे, गादी आणि पेटीसकट.

मामा कधीच वारला होता. त्याचा मुलगा रोहण्याला ऑटो चालवतो असं कळलं, म्हणून गेलो. वही पिशवीत होती, पण बाहेर काढली नाही. तोंडानंच सांगितलं. त्यानं ऐकून घेतलं. बापानं त्याला कधी काही सांगितलेलं नव्हतं. मोतद्दाराच्या गाण्याची गोष्ट मात्र सांगितलेली होती. ती ऐकूनच लहानपणी तो झोपायचा.

“बाबाच्या गोष्टीत तो मोतद्दार त्याच घोड्यावर बसून पळून गेल्ता,” तो म्हणाला.

ज्वारीचं मी परत काढलं, तर त्यानं ऑटो चालू केला. “आता कोन मोजते काका ते. बसा, पुलगावले सोडतो.”

पुलगावला उतरल्यावर मी शंभराची नोट दिली. त्यानं भाडं घेतलं आणि उरलेले सुटे मोजून माझ्या हातावर ठेवले.