पाय दाबायचे पैसे

पाय दाबून द्यायचे पैसे कसले घ्यायचे, हा प्रश्न आमच्या कामाचा पहिल्या दिवसापासून पिच्छा पुरवतो. दाढ काढणाऱ्याला तो कुणी विचारत नाही. फिजिओथेरपिस्टला विचारायचं धाडस आता कुणी करत नाही. रिफ्लेक्सॉलॉजी करणाऱ्याला मात्र विचारतात. कधी तोंडावर, कधी 'काकू, आपल्याआपल्यात कसली फी?' अशा लाडीगोडीने. माझ्याकडे शिकून बाहेर पडणाऱ्या मुलींना तळपायावरच्या बिंदूंबद्दल फारशा शंका नसतात. 'फी किती सांगू?' ही शंका सगळ्यांना असते, आणि आकडा उच्चारताना त्यांचा आवाज हमखास खाली येतो. अंगठ्याच्या मुळाशी सांधा कुरकुरू लागल्यापासून मी पेशंट कमी केले आणि फी वाढवली. ती का वाढवली हे दुसऱ्याला पटो न पटो, स्वतःला तरी नीट सांगता यावं, म्हणून हा खटाटोप.

आपल्याकडे पाय दाबणं हे काम फार जुनं आणि कायम बिनपगारी. सासूचे पाय दाबणारी सून, गुरूचे पाय चेपणारा शिष्य, पाटलाचे पाय रगडणारा गडी. कुणाला त्यातून पुण्य मिळालं, कुणाला शिव्या. पैसे कुणालाच नाहीत. आणि या व्यवसायात बहुतेक बायका आहेत. घरची बाई जे आयुष्यभर फुकट करत आली तेच बाहेरच्या बाईला पैसे देऊन का करून घ्यायचं, हे गणित कुणी बोलून दाखवत नाही, पण घासाघीस त्याच्या बळावर चालते. तीच माणसं मॉलमधल्या स्पामध्ये मेनूकार्ड वाचून निमूट कार्ड सरकवतात. वारीचं उदाहरण तर ठरलेलं. आळंदी-देहूहून पंढरपूरला निघालेल्या वारकऱ्यांचे पाय मुक्कामाच्या तळावर तेल लावून चोळून देणारे कितीतरी जण असतात, एक पैसा घेत नाहीत, मग तुम्हाला काय झालं? झालं काहीच नाही. ती सेवा करणारा माणूस वारीनंतर आपल्या नोकरीवर, दुकानावर परत जातो. वारीत फुकट तपासणाऱ्या डॉक्टरला त्याच्या दवाखान्यात जाऊन फी माफ करायला कुणी सांगत नाही.

याहून खोल रुतलेला समज असा, की पैसे घेतले की हातगुण जातो. विंचू उतरवणारा पैसे घेत नाही, कावीळ उतरवणारा नारळावर भागवतो. हे ऐकायला थोर वाटतं. पण ज्याने काहीच घेतलं नाही त्याला तुम्ही विचारणार काय? कावीळ उतरली नाही, रोगी दगावला, तर तो म्हणणार, मी कुठे काय मागितलं होतं. फुकट देणारा माणूस हिशेबातून अलगद सुटतो. आपल्या कायद्यालाही हे कळतं. १९८६च्या ग्राहक संरक्षण कायद्यात आणि त्याच्या जागी आलेल्या २०१९च्या कायद्यातही विनामूल्य दिलेली सेवा व्याख्येतूनच वगळली आहे. १९९५ साली इंडियन मेडिकल असोसिएशन विरुद्ध व्ही. पी. शांता या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने डॉक्टरांना या कायद्याखाली आणलं, तेव्हाही रेघ पैशावरच ओढली. फी घेऊन उपचार केले तर पेशंट हा ग्राहक. सरसकट सगळ्यांवर फुकट उपचार होत असतील तर नाही. आम्ही डॉक्टर नाही, पण पैसे घेऊन सेवा देणारे आहोत, म्हणजे आम्हालाही ही रेघ लागू. मी पावती फाडते तेव्हा समोरच्याच्या हातात मला जाब विचारायचा हक्क देते. फी माझ्या कष्टाचं मोल असेल ते असो. त्याआधी ती माझ्या गळ्यातलं दावं आहे, आणि ते तिथे असायला हवं.

आता खरी अडचण. दावं कशाला बांधायचं? मी नेमकं विकते काय? अमेरिकेतले कान-नाक-घशाचे डॉक्टर विल्यम फिट्झजेराल्ड यांनी शरीराचे दहा उभे पट्टे कल्पिले. पुढे युनिस इंगहॅम या बाईंनी १९३०च्या दशकात ते तळपायावर आणून यकृतापासून थायरॉइडपर्यंत सगळा नकाशा मांडला. त्यांचं पहिलं पुस्तक १९३८चं. तोच नकाशा आज आमच्या प्रत्येकीच्या भिंतीवर आहे. पण तळपायाच्या अमुक ठिकाणापासून यकृतापर्यंत जाणारी वाट शरीरशास्त्रात कुणाला सापडलेली नाही. संशोधक एडझार्ड अर्न्स्ट यांनी २००९ साली १८ चाचण्यांचा आढावा घेतला आणि कुठल्याही आजारावर हा उपचार गुणकारी असल्याचा पटण्यासारखा पुरावा नाही, असं लिहिलं. ऑस्ट्रेलियात सरकारी आढाव्यानंतर एप्रिल २०१९पासून खासगी आरोग्य विम्यातून रिफ्लेक्सॉलॉजी वगळली गेली. हे बोललं की आमच्यातल्या बऱ्याच जणी चिडतात. अर्न्स्टना शिव्या देऊन झाल्या की 'माझ्या पेशंटना फरक पडतो ना' यावर गाडी येते. फरक पडतो, हे मीही म्हणते. कशाने पडतो, ते मला सांगता येत नाही, आणि जे सांगता येत नाही त्याचे पैसे लावता येत नाहीत.

मोह मोठा असतो. पायाच्या कमानीत अंगठा सरकवताना कातडीखाली रव्यासारखं काहीतरी कुरकुरतं. सराव असलेल्या हाताला ते लगेच लागतं. त्या क्षणी 'पचन बिघडलंय का हो?' असं विचारायचा अवकाश, पेशंटचे डोळे विस्फारतात. चाळिशीपुढच्या माणसांना हा प्रश्न दहांपैकी आठांना लागूच पडतो, हे त्या विस्फारलेल्या डोळ्यांना सुचत नाही. कुणी त्या रव्याला यूरिक ॲसिडचे खडे म्हणतं, कुणी साठलेली विषद्रव्यं. खात्रीचा पुरावा मला तरी दिसलेला नाही. मला स्वतःला हा पाय 'वाचण्याचा' खेळ अतोनात आवडतो. नवे पेशंट चुकून 'डॉक्टर' म्हणतात तेव्हा ती चूक दुरुस्त करायला मी जरा वेळ लावते, तोही याच आवडीतला भाग. पण या मोठेपणाची किंमत फीमध्ये धरायची नाही, एवढं पथ्य पाळावं लागतं. फी तासाची. बरं करण्याची नाही, निदानाची तर नाहीच.

तासाचीच असेल तर मग घरच्या माणसाने दाबले तर काय बिघडलं, हा त्यापुढचा आणि सगळ्यात अवघड आक्षेप. याला पुरावाही आहे, आणि तो आमच्याच बाजूच्या अभ्यासांत आहे. अमेरिकेत ग्वेन वायट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी स्तनाच्या वाढलेल्या कर्करोगाच्या ३८५ बायकांवर केलेला अभ्यास २०१२ साली छापून आला. रिफ्लेक्सॉलॉजी मिळालेल्या गटात दम लागणं कमी झालं, रोजची हालचाल सुधारली. आयुष्याच्या एकूण दर्जाच्या मोजमापात मात्र फरक दिसला नाही. हा अभ्यास आमच्यातल्या सगळ्यांना पाठ असतो. त्याच बाईंचा २०१७चा अभ्यास फार कुणी सांगत नाही. त्यात २५६ पेशंट होते, आणि पाय दाबले ते घरच्यांनी किंवा मैत्रिणींनी, शिकून घेऊन, चार आठवडे. त्रासाची तीव्रता तरीही कमी झाली. म्हणजे आमच्याशिवाय चालतं. यावर माझं उत्तर असं, की चालत असेल तर चालवावं, आणि आम्ही ते शिकवावं. दीर्घ आजारी माणसाच्या घरच्या कुणाला तरी दोन बैठकांत हात दाखवून द्यायचा, त्या दोन बैठकांची फी घ्यायची, विषय संपला. वर्षभर त्या माणसाला आपल्या खुर्चीत बसवत राहणं याला मी धंदा म्हणेन, व्यवसाय म्हणणार नाही.

घरच्या हाताला जे जमत नाही ते वेगळंच आहे, आणि त्यात नकाशाचा संबंध जवळजवळ नाही. जुन्या मधुमेहाच्या पेशंटच्या पायाला स्पर्शच कळत नसेल तर 'दुखतंय का' विचारून जोर ठरवता येत नाही. तिथे हात हलका, आणि बोटांच्या बेचक्यात जखम आहे का हे आधी उजेडात बघायचं. एकच पोटरी सुजलेली, गरम, लालसर असेल तर हातच लावायचा नाही, कारण आत रक्ताची गुठळी असू शकते. त्याच पावली डॉक्टरकडे. अशा वेळी पाठवून दिलं तरी तो तास गेलेला असतो, आणि मी अर्धी फी घेते. 'काही केलंच नाहीत, मग पैसे कसले?' यावर जितके वाद होतात तितके दुसऱ्या कशावर होत नाहीत. माझ्या मते या कामात सगळ्यात जास्त पैसे घ्यावेत असा तोच क्षण आहे. सगळी फी घ्यायला हवी. तेवढा निबरपणा माझ्यात नाही.

राहिला अंगठा. चिमटीच्या टोकाला एक किलो जोर लावला तर अंगठ्याच्या मुळाशी असलेल्या सांध्यावर बारा किलोपर्यंत भार येऊ शकतो, असं हाताच्या शास्त्रात मांडलेलं आहे. जोर खांद्यातून आणा, अंगाचा भार वापरा, हे सगळ्या शिकवतात, मीही शिकवते. तरी अंगठा तो अंगठाच. म्हणून दिवसाला चार पेशंट ही मर्यादा शहाणपणाची. समजा तासाला ७०० रुपये, महिन्यात २४ दिवस: ६७,२०० झाले. त्यातून जागेचं भाडं, टॉवेलची धुलाई, ऐनवेळी न येणाऱ्यांचे बुडालेले तास, पाहुणे-लग्नं-सणांत रिकामे गेलेले आठवडे वजा करा. पगारी रजा नाही, पीएफ नाही, आणि हत्यार असं की झिजलं तर बदलता येत नाही. ज्यांना ७०० जास्त वाटतात त्यांनी हा हिशेब एकदा स्वतःच्या नोकरीशी ताडून बघावा. फी कमी ठेवणारी बाई दिवसाला आठ पेशंट घेते आणि पाच-सात वर्षांत सांध्याला पट्टा बांधून घरी बसते. तिच्या स्वस्ताईचा लाभ कुणालाच होत नाही.

आणि फुकटाचं म्हणाल तर आजकाल फुकट हे बहुतेक वेळा दुकानाचं दार असतं. मोफत ॲक्युप्रेशर शिबिरात तपासणी फुकट. बाहेर पडताना हातात काटेरी पादुका, बिंदू दाबायची लाकडी जिमी आणि मॅट. काशाच्या वाटीची मशीनं गल्लोगल्ली आली आहेत. पादाभ्यंग आयुर्वेदातलं, वाटी आपल्या आजीच्या हातातली, त्याबद्दल माझी तक्रार नाही. पायाला त्याने छान वाटतं. पण तळवा काळा पडला की 'बघा, उष्णता बाहेर आली' असं सांगतात तेव्हा मला राहवत नाही. काशात तांबं असतं, तेल आणि घाम लावून ते घासलं की काळं पडणारच. निरोगी माणसाचा तळवाही तितकाच काळा होतो. याहून वाईट म्हणजे आजारागणिक दर: गुडघ्याला अमुक, थायरॉइडला तमुक, शुगरचं पंधरा बैठकांचं पॅकेज आगाऊ. मधुमेह्याचा पाय दाबायला निरोगी पायापेक्षा जास्त तास लागत नाहीत. जास्त पैसे कशाचे, तर भीतीचे.

गरिबांचं काय, हे विचारायलाच हवं. शांता खटल्याच्या निकालात त्याचंही उत्तर आहे: जिथे काहींकडून पैसे घेतात आणि परवडत नाही त्यांना मोफत बघतात, तिथे मोफत बघितलेलेही ग्राहकच. म्हणजे मी एखाद्या धुण्याभांड्याच्या बाईकडून काही घेतलं नाही तरी तिचा जाब विचारायचा हक्क शाबूत राहतो, कारण तो इतरांच्या फीने विकत घेतलेला असतो. म्हणून तिला सवलत देताना मला संकोच वाटत नाही, आणि बंगल्यातल्या माणसाने सवलत मागितली की संताप येतो.

तेव्हा माझ्याकडे या किंवा दुसऱ्या कुणाकडे जा, पाय वर घ्यायच्या आधी फी विचारा आणि उठताना पावती मागा. आजाराचं नाव ऐकून आकडा बदलला, किंवा डॉक्टरांची गोळी बंद करा असं कुणी सुचवलं, तर चपला घाला आणि घरी या.