समासातली मराठी

उमरगा,
कोजागरी पौर्णिमा

प्रिय भावड्या,

पुण्याला गेल्यापासून तुझा फोन आला की एकच प्रश्न असतो, चांगला डेव्हलपर व्हायला काय वाचू? फोनवर घाईघाईत पुस्तकांची नावं सांगणं माझ्या जिवावर येतं. आज सोयाबीनची काढणी उरकली, आई-अप्पा लवकर झोपले, म्हणून लिहायला बसले.

आधी माझी एक चूक सांगते. पहिल्या नोकरीत माझ्याकडे पावत्या छापायच्या प्रोग्रामचं काम होतं. गावाच्या नावाला मी २० बाइट जागा ठेवली. चाचणीला आपलं उमरगा लिहिलं, नीट छापलं गेलं. पुढे खऱ्या पावत्या निघाल्या तेव्हा तुळजापूरच्या माणसांच्या हातात 'तुळजाप' आणि त्यापुढे प्रश्नचिन्ह पडू लागलं. यूटीएफ-८ मध्ये देवनागरीचं प्रत्येक चिन्ह ३ बाइट घेतं, आणि काना, उकार, वेलांटी यांचंही प्रत्येकी वेगळं चिन्ह असतं. उमरगा ५ चिन्हांचं, १५ बाइटांत बसतं. तुळजापूर दिसायला पाच अक्षरं, पण आत ८ चिन्हं, म्हणजे २४ बाइट. विसाव्या बाइटला कापलं की 'पू'चा ऊकार मधोमध तुटतो. आपल्या जिल्ह्याचं नवं नावही त्या चौकटीत मावलं नसतं. धाराशिवला २१ बाइट लागतात.

त्या रात्री मी युनिकोड मानकातलं देवनागरीचं प्रकरण पहिल्यांदा उघडलं. 'दर्या' आणि 'दऱ्या' यांतला र वेगळा कसा साठवायचा, हेसुद्धा तिथे मांडलेलं आहे. चार वर्षं इंजिनिअरिंग शिकले, पण माझी लिपी संगणकात कशी राहते हे मला ठाऊक नव्हतं, याचं फार वाईट वाटलं. म्हणून तू सुरुवात त्या प्रकरणापासून कर. ते फुकट मिळतं.

सी तुला येते असं तू म्हणतोस. नागपूरच्या यशवंत कानेटकरांचं 'लेट अस सी' आपण दोघांनीही वाचलं. मराठी शाळेतून आलेल्या माझ्यासारखीला त्या साध्या इंग्रजीनं किती धीर दिला, ते मी विसरणार नाही. आता त्याच्या पुढे जा आणि कर्निगन व रिची यांचं 'द सी प्रोग्रॅमिंग लँग्वेज' घे. पहिली आवृत्ती १९७८ची, तू १९८८ची दुसरी घे. रिचींनी ही भाषा स्वतः घडवली, आणि तरी पुस्तक तीनशे पानांच्या आतलं आहे. पानं उलटत जाऊ नकोस. प्रत्येक गणित हातानं सोडव आणि जे कळलं ते समासात मराठीत लिही. पॉइंटरच्या पानावर मी लिहिलंय: हा गट नंबर आहे, रान नव्हे. गट नंबर दहा जणांनी वहीत उतरवून घेतला तरी रान एकच. एकानं नांगरलं की दहाही जणांना नांगरलेलंच दिसणार. मराठीत असं सांगता येईपर्यंत मला पॉइंटर कळलाच नव्हता.

फ्रेमवर्कच्या जाड पुस्तकांवर पगार घालवू नकोस, ती लवकर शिळी होतात. त्यांचं अधिकृत डॉक्युमेंटेशन वाचलंस तरी पुरे.

मात्र फ्रेड ब्रुक्सचं 'द मिथिकल मॅन-मंथ' वाचच. आयबीएमच्या ओएस/३६० या अवाढव्य कामाची धुरा वाहिलेल्या माणसानं १९७५ साली लिहिलेलं. रखडलेल्या कामावर माणसं वाढवली की ते आणखी रखडतं, हे त्याचं म्हणणं. कापूस वेचायला माणसं वाढवून चालतात, प्रोग्रामला नाही, असं तो सांगतो. आपल्या सोयाबीनचंही तसंच. परवा चार बाया जास्त मिळाल्या आणि रान दुपारीच मोकळं झालं. पण तुमच्या कामात नव्या चौघांना सगळं समजावण्यातच जुन्यांचा आठवडा जातो.

त्याच पुस्तकात फ्रान्समधल्या रांसच्या कॅथेड्रलवर एक उतारा आहे. पिढ्यान्‌पिढ्या बांधणाऱ्यांनी आपापली हौस बाजूला ठेवून मूळ आराखडा राखला, म्हणून ती इमारत एकसंध वाटते. वाचताना मला नळदुर्ग आठवला. बोरी नदीवरचा आदिलशाही बंधारा, त्याच्या पोटात पाणीमहाल. पावसाळ्यात नर-मादी धबधबे धो-धो कोसळतात आणि आत माणूस कोरडा उभा राहतो. पाणी अडवणं, वाट देणं आणि बघायला बसणं, तिन्ही एकाच भिंतीत. एकाच डोक्यातून निघालेली रचना कशी असते ते मला तिथे जास्त समजलं. दिवाळीला सोलापूरहून येताना नळदुर्गला उतर आणि तासभर त्या भिंतीजवळ थांब.

ब्रुक्सची माझी प्रत शेजारच्या काकांबरोबर पाठवते आहे, रविवारी ते पुण्याला येतील. समासात पेन्सिलीनं माझी टिपणं आहेत. काही आता मलाच पटत नाहीत, पण खोडलेली नाहीत. तुला पटणार नाही तिथे खाली तुझं लिही आणि प्रत परत आण.

तुझी,
ताई