गुडघ्याचे पाठभेद

हस्तलिखितांचे पाठभेद नोंदविण्यात हयात गेलेल्या त्या निवृत्त प्राध्यापकांपुढे आता स्वतःच्या उजव्या गुडघ्याच्या तीन प्रती होत्या. पहिल्या क्ष-किरण चित्रात सांध्यातील फट शाबूत, महिन्याभराने काढलेल्या दुसऱ्यात ती आतल्या बाजूस अरुंद, एम.आर.आय.मध्ये बाहेरच्या बाजूची गादी फाटलेली. एका शल्यचिकित्सकाने शस्त्रक्रियेची तारीखही सुचविली होती. पत्नीला कळत होते ते इतकेच, की जिना चढताना हे कठडा धरून मध्येच थांबतात.

दुसऱ्या, वयस्क डॉक्टरांनी आधी विचारले, चित्रे घेतली कशी? पहिले निजवून, दुसरे उभे करून. कूर्चा क्ष-किरणांत उमटत नाही. हाडांमधल्या फटीवरून तिचा अदमास बांधायचा, आणि अंगाचा भार पडल्यावाचून ती झीज पुरती दिसत नाही. दोन्ही चित्रे खरीच होती. राहिली फाटलेली गादी. अमेरिकेतील फ्रेमिंगहॅम येथे पन्नाशी गाठलेल्या व ओलांडलेल्या 991 जणांची एम.आर.आय.ने पाहणी झाली. 2008 साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार, गादी फाटलेल्यांपैकी 61 टक्क्यांना आधीच्या महिन्यात गुडघेदुखी वा ताठरपणा नव्हता. (प्रत्येक खाडाखोड अर्थपूर्ण नसते, हे संहितेच्या अभ्यासकाला सांगावे लागत नाही.)

मग डॉक्टरांनी अंगठ्याने सांधा चाचपला. कळ उठली ती आतल्या बाजूस.

शस्त्रक्रिया तूर्त टळली. मांडीचे व्यायाम सुरू झाले. जिन्यात थांबणे सुटलेले नाही. अहवाल लिफाफ्यात घालताना, कोणते चित्र निजून घेतले व कोणते उभ्याने, हे प्राध्यापकांनी जुन्या सवयीने समासात पेन्सिलीने नोंदविले.