घोडामाऱ्याचा आल्बम

गंगासागरला जाऊन आलेल्या प्रत्येक मराठी यात्रेकरूने घोडामारा पाहिलेला असतो. फक्त आपण तो पाहिला हे त्याला ठाऊक नसते. कोलकात्याच्या सियालदा स्टेशनावर नामखान्याची लोकल पकडायची, काकद्वीपला उतरायचे, तेथून ‘लॉट नंबर आठ’ नावाच्या धक्क्यावर यायचे आणि मुडीगंगा ओलांडून सागर बेटाला लागायचे, हा नेहमीचा रस्ता. इंग्रजांनी सुंदरबनाचे जंगल तोडायला देताना जमिनीचे नंबरवार तुकडे पाडले होते, त्यांतलाच हा एक. जंगल गेले, नंबर तेवढा राहिला! लाँच निघाली की उजव्या हाताला, लांबवर, पाण्याच्या काठाशी एक हिरवी रेघ दिसते. ‘सारे तीर्थ बार बार, गंगासागर एक बार’ म्हणून हात जोडण्याच्या गडबडीत तिच्याकडे कोण बघतो? ती रेघ म्हणजे घोडामारा.

कोणा साहेबाचा घोडा येथे वाघाने मारला म्हणून हे नाव पडले, असे सांगतात. आज तेथे वाघ नाही, घोडा नाही, आणि बेटही निम्मेच आहे. १९७५ साली सुमारे साडेआठ चौरस किलोमीटर असलेली ही जमीन २०१२ साली साडेचारच्या आत आली. २०११ च्या जनगणनेत येथे पाच हजारांवर माणसे होती. शेजारच्या लोहाचारा बेटावरची वस्ती तर त्याआधीच सगळी उठली होती.

आम्ही यात्रा कंपनीबरोबर गेलो होतो. धक्क्यावर आमची सौ. म्हणाली, “तुम्ही जा तुमच्या बेटावर. तुमच्या वाटची डुबकी मी मारते.” पुण्याची ही वाटणी आमच्या घरात जुनीच आहे. मंडळी मोठ्या लाँचमध्ये चढली आणि मी गळ्यात कॅमेरा अडकवून घोडामाऱ्याच्या भुटभुटीत बसलो. भुटभुटी म्हणजे डिझेलच्या इंजिनाची लाकडी होडी. नाव कशावरून पडले ते कान असलेल्याला वेगळे सांगावे लागत नाही. माझ्या एका बाजूला कुरमुऱ्यांची पोती होती, दुसऱ्या बाजूला एक शिलाई मशीन, आणि पायांशी पाय बांधलेल्या चार कोंबड्या.

देसुंग ली या कोरियन छायाचित्रकाराची घोडामाऱ्यावरची चित्रे मी पूर्वी पाहिली होती. खचलेल्या किनाऱ्यावर, गवताचा तुकडा शिल्लक राहिलेल्या ढेकळांजवळ माणसे उभी आहेत, मागे नुसते पाणी आणि आभाळ. जगभर गाजलेली ही चित्रे. खरे सांगायचे तर मनात तसलेच काहीतरी टिपावे अशी इच्छा होती. उतरलो तेव्हा किनारा अगदी तसाच होता. सुरीने कापावी तशी कापलेली करड्या मातीची भिंत, तिच्यातून लोंबणारी माडाची मुळे, आणि विटांचा एक चांगला बांधलेला रस्ता, जो पुढे जाऊन हवेतच संपतो. पुढचा रस्ता नदीने नेला होता.

बेटावरच्या एका निवृत्त प्राथमिक शिक्षकांचे नाव मला कोलकात्याच्या स्नेह्यांनी सांगितले होते. सारा गाव त्यांना मास्टरमोशाय म्हणतो. मीही तेच म्हणू लागलो. मास्टरमोशायांचे हिंदी आणि माझे बंगाली सारख्याच योग्यतेचे असल्यामुळे संभाषण छान जमले. मुडी, म्हणजे आपले कुरमुरे, आणि ओले खोबरे पुढे ठेवून त्यांनी खाटेखालून एक पत्र्याची ट्रंक ओढली. आत फोटो होते. काकद्वीपच्या स्टुडिओत रंगवलेल्या पडद्यापुढे काढलेले, लग्नातले, मुंजीतले, शाळेच्या बक्षीस समारंभाचे; आणि अलीकडे मोबाइलवर काढून शहरातून छापून आणलेले.

पहिलाच फोटो एका लग्नाचा होता. नवरानवरी, मागे तळे, तळ्याकाठी दोन माड आणि गवताची गंजी.

“हे तळं कुठे आहे?” मी विचारले.

मास्टरमोशायांनी खिडकीतून नदीकडे बोट केले. “ती भुटभुटी चालली आहे ना? तिच्याही पलीकडे.”

त्यांचा उद्योग असा. वर्षातून दोनदा, एकदा थंडीत आणि एकदा पावसाळ्यात, ते हे जुने फोटो घेऊन बेटाला फेरी मारतात. ज्या जागेवरून जुना फोटो काढला असेल त्याच जागी उभे राहून, त्याच दिशेला तोंड करून नवा काढतात. जागाच गेली असेल तर मागे सरून काढतात आणि किती मागे सरलो ते पावलांनी मोजून लिहितात. प्रत्येक फोटोच्या पाठीवर तारीख, वेळ, घर कोणाचे, काठ किती पावलांवर, आणि न चुकता आणखी एक गोष्ट: भरती होती की ओहोटी.

“ते कशाला?”

“भरतीचा फोटो दाखवून बेट बुडालं म्हणणं फार सोपं,” मास्टरमोशाय म्हणाले. “सहा तासांनी तीच जमीन वर येते. मग बघणारा म्हणतो, हे लोक खोटं बोलतात. ओहोटीला जे पाण्यात राहतं तेवढंच गेलं म्हणायचं.”

उपग्रहाची चित्रे आहेत, जादवपूर विद्यापीठाच्या सुगत हाजरांसारख्या शास्त्रज्ञांनी बेटांची मोजमापे जगापुढे ठेवली आहेत, मग या ट्रंकेची गरज काय, असेही मी विचारले. ते हसले. “वरून तळं दिसतं, दादा. तळं कोणाचं ते दिसत नाही.”

दुपारी त्यांनी मला पश्चिमेच्या काठावर नेले. वाटेत पानमळे लागले. बांबूचे आणि गवताचे उंच मांडव, आत हिरवा काळोख आणि ओलसर वास. विड्याचे पान हे घोडामाऱ्याचे मोठे पीक. पानवेलीला खारे पाणी म्हणजे विषच. आणि २६ मे २०२१ या दिवशी पौर्णिमेचे उधाण आणि ‘यास’ चक्रीवादळ बरोबर एका वेळेला आले, तेव्हा बांध फोडून खारे पाणी सगळ्या बेटावर पसरले. त्याच्या आदल्याच वर्षी ‘अम्फान’ येऊन गेले होते, आणि म्हाताऱ्या माणसांच्या बोलण्यात अजून २००९ चे ‘आयला’ असते. आपण आजीच्या तोंडी प्लेगचे साल ऐकायचो तशी येथे वादळांची नावे ऐकू येतात.

काठालगतच्या एका घरापुढे थांबलो. मातीच्या भिंती, पत्र्याचे छप्पर, त्यावर सौरऊर्जेची एक लहानशी पाटी. घरधनीण बाहेर आली. मास्टरमोशाय तिला बौदी म्हणाले, म्हणजे वहिनी. तिने माझ्या कॅमेऱ्याकडे पाहिले आणि सरळ विचारले, “रडायचं आहे का?”

मी गोंधळलो. मास्टरमोशायांनी उलगडा केला. मागे कोणी एक शहरातला पाहुणा आला होता. त्याने तिला गुडघाभर पाण्यात उभे केले होते, चेहरा दुःखी करायला सांगितले होते, आणि तो फोटो पुढे कोठे गेला हे तिला कधीच कळले नाही.

“नाही हो,” मी म्हणालो, “तुम्हाला हवा तसा काढू.”

ती आत गेली. मला वाटले, प्रकरण आटोपले. दहा मिनिटांनी आली ती ठेवणीतली साडी नेसून, नवऱ्याला, सासूला आणि शाळकरी मुलाला घेऊन. मुलाच्या काखेत बकरीचे पिल्लू. मग मला आज्ञा सुटू लागल्या. घर सगळे आले पाहिजे. दार दिसले पाहिजे, पायऱ्या दिसल्या पाहिजेत. डावीकडचा फणस सोडायचा नाही. आणि काठही आला पाहिजे. चौघे उभे राहिले ते जुन्या काळी फोटोग्राफरपुढे लोक उभे राहत तसे, ताठ आणि गंभीर. कोणी हसले नाही, कोणी रडले नाही.

दारापासून काठापर्यंत मास्टरमोशायांनी पावले मोजली. एकोणीस भरली.

सत्तर-ऐंशीच्या दशकांत उठलेल्या कुटुंबांना सरकारने सागर बेटावर जमीन देऊन वसवले. पुढे उठणारे वाढत गेले आणि वाट्याची जमीन आखूड होत गेली. आता जो उठतो त्याला कचेरीत पहिला प्रश्न येतो, तुझे घर होते कोठे? जमिनीचा कागद असला तरी ती जमीन दाखवायला नेणार कोठे, नदीत? म्हणून बौदीला फणस हवा होता.

परतताना मास्टरमोशाय एक गोष्ट बोलले, ती मला शहरातल्या मोर्चेवाल्यांनीही ऐकावीशी वाटली. “फोटो काय गेलं ते दाखवतो. का गेलं, ते फोटोत येत नाही.” बेटावर विचाराल तर निम्मे लोक हल्दिया बंदराच्या जहाजांसाठी नदीची वाट वळवली त्याला दोष देतात. हुगळीचे प्रवाह बदलले, त्रिभुज प्रदेशाची ही गाळाची जमीन मुळातच खचते आहे, हेही खरे. आणि समुद्र वर येतो आहे हेही तितकेच खरे. १९०१ ते २०१८ या काळात जगातल्या समुद्राची पातळी सरासरी वीस सेंटिमीटर चढली, आणि चढण्याचा वेग वाढतच गेला. अलीकडे तो वर्षाला साडेतीन मिलिमीटरच्या वर आहे. मिलिमीटर म्हटले की आपल्याला हसू येते. पण खचणाऱ्या काठावर, उधाणाच्या दिवशी, तापलेल्या समुद्रावर पोसलेल्या वादळापुढे, बांधावरून पाणी आत येते की नाही हे एवढ्या-तेवढ्यावरच ठरते. दोष वाटून घ्यायला हल्दिया आहे, नदी आहे आणि आपल्या सगळ्यांचा धूरही आहे. बौदीच्या छपरावरची ती पाटी मात्र या हिशेबात कोठेच बसत नाही.

दुसऱ्या बेटांनीही फोटोचाच आसरा घेतला आहे. मालदीवच्या मंत्रिमंडळाने १७ ऑक्टोबर २००९ रोजी पाणबुड्यांचा पोशाख चढवून समुद्राच्या तळाशी बैठक भरवली. तुवालूचे मंत्री सायमन कोफे यांनी २०२१ च्या नोव्हेंबरात कोट-टाय घालून, गुडघाभर समुद्रात उभे राहून जगापुढे भाषण केले. दोन्ही चित्रे घरोघर पोचली, पोचायलाच हवी होती. पण ती राष्ट्रे. त्यांच्यापाशी मंत्री आहेत. घोडामाऱ्याजवळ पत्र्याची ट्रंक आहे. २०२२ साली शर्म-एल-शेखच्या परिषदेत हवामानबदलाने झालेल्या हानीसाठी निधी उभारायचे ठरले, तेव्हा मला पहिल्यांदा आठवली ती ती ट्रंक. हानी भरून द्यायची तर कोणाचे काय गेले हे कोठे तरी लिहिलेले असायला हवे ना!

मुंबईला परतल्यावर आमच्या सोसायटीच्या गणेशोत्सवात मी बत्तीस फोटो लावले. कपड्यांच्या दोऱ्या आणि चिमटे वापरून. निम्मे माझे, निम्मे मास्टरमोशायांच्या परवानगीने केलेल्या त्यांच्या फोटोंच्या प्रती. माझ्या सूर्यास्ताचे सर्वांनी कौतुक केले आणि सर्वजण पुढे गेले. पावले थांबत ती लग्नाच्या फोटोपाशी. बायका नवरीच्या साडीचा काठ निरखत, नवऱ्याचे वय अडखत. मग खालची चिठ्ठी वाचत, शेजारी त्याच जागेचा नुसत्या पाण्याचा फोटो पाहत, आणि गप्प होत. तळमजल्यावरच्या एका चिमुरडीने विचारले, “मग आता हे राहतात कुठे?” तिच्या वडिलांना उत्तर येईना, म्हणून ते मला शोधत आले. त्या पाच दिवसांत एकशे चौदा सह्या जमल्या. बेटावरच्या प्रत्येक घराची फोटोसह नोंद व्हावी आणि घर पडण्याआधी जागा मिळावी, असे पत्र दोन्ही सरकारांकडे गेले. सोसायटीच्या गच्चीवर सौर पाट्या बसवायचा तीन वर्षे पडून असलेला ठरावही कोणीतरी वर काढला. तो अजून मंजूर झालेला नाही. गच्चीवर पापड कोठे वाळवायचे हा मुद्दा निघाला आहे.

प्रदर्शनाच्या आधीच बौदीच्या फोटोची प्रत मी टपालाने पाठवली होती. भाद्रपदाच्या उधाणानंतर मास्टरमोशायांचा फोन आला. काठ आता अकरा पावलांवर आहे. फणस गेला. फोटो ट्रंकेत आहे, पण बौदीला आणखी दोन मोठ्या प्रती हव्या आहेत: एक कचेरीत द्यायला, आणि एक भिंतीवर लावायला. कोणत्या भिंतीवर ते अजून ठरलेले नाही.