लाल अंडी आणि एक क्रियापद

२०२४ च्या मे महिन्यात धाकट्या बहिणीकडे मेलबर्नला गेलो होतो. आपल्याकडे उन्हाचा कहर चालू होता, तिथे पानगळ. ओकली हे तिचे उपनगर ग्रीक वस्तीसाठी ओळखले जाते. शेजारी एक ग्रीक आजी राहतात. सगळी मुले त्यांना ‘याया’ म्हणतात. ग्रीकमध्ये आजीला हाच शब्द. ऑर्थोडॉक्स पंचांगानुसार त्या वर्षीचा ईस्टर ५ मे रोजी होता. आदल्या गुरुवारी अंडी लाल रंगवण्याचा ग्रीक रिवाज आहे, आणि याया त्यासाठी कांद्याच्या साली उकळत होत्या. त्यांची दहा वर्षांची नात आणि माझा नऊ वर्षांचा भाचा रंगलेल्या अंड्यांना तेलाचे बोट लावून चकाकी आणत होते. याया नातीशी ग्रीकमध्ये बोलत, नात इंग्रजीत उत्तर देई. यात कोणालाच काही वावगे वाटत नव्हते. मला तर नाहीच. कारण बहिणीच्या घरी हेच चालू होते, फक्त ग्रीकच्या जागी मराठी होती.

याया १९६४ साली पेलोपोनीजमधल्या एका खेड्यातून जहाजाने इकडे आल्या. महायुद्धानंतरच्या दोन दशकांत हजारो ग्रीक असेच आले. त्यांच्या आधीही वस्ती होतीच. मेलबर्नची ग्रीक समाजसंस्था १८९७ सालची आहे. ‘निओस कोझमोस’ हे ग्रीक वृत्तपत्र इथे १९५७ पासून निघते. पुढे त्याला इंग्रजी आवृत्तीची जोड द्यावी लागली. ही एक गोष्टच पुरेशी बोलकी आहे. यायांची ग्रीकही आता त्यांच्या गावची राहिलेली नाही. मोटारीला त्या ‘कारो’ म्हणतात. ‘कार’ला ग्रीक वळण देऊन परदेशी ग्रीकांनी घडवलेला हा शब्द; ग्रीसमध्ये मात्र ‘कारो’ म्हणजे घोड्याची किंवा बैलाची गाडी. “माझ्या मुलाने नवी बैलगाडी घेतली,” असे गावी जाऊन सांगितल्यावर भावंडे पोट धरून हसली, हे त्यांनी स्वतःच मोडक्यातोडक्या इंग्रजीत सांगितले. सांगताना त्याही हसल्या. पण पुढे थोडा वेळ गप्प राहिल्या.

नात दर शनिवारी ग्रीक शाळेत जाते. तिला मुळाक्षरे येतात, २५ मार्चच्या स्वातंत्र्यदिनाची कविता पाठ आहे. बोलता मात्र येत नाही. आमच्या मंडळाच्या गणपतीत रोमन लिपीतली आरती ठसक्यात म्हणणारी मुले मला आठवली.

कॉन्स्टंटिन कवाफीची पोसिडोनियाच्या ग्रीकांवर १९०६ सालची एक कविता आहे. इटलीच्या किनाऱ्यावर वसलेले हे ग्रीक परक्यांत मिसळून आपली भाषा विसरले. उरला एक सण. त्या दिवशी ते जमत, जुनी नावे आठवून उच्चारीत, आणि सणाचा शेवट दरवेळी विषण्णतेत होई. मूळ वृत्तांत ॲरिस्टोक्सेनसचा. अथेनिअसने तो जपला. कवाफी स्वतः अलेक्झांड्रियाचा, म्हणजे देशाबाहेरचाच ग्रीक. ही कविता मी वर्गात अनेकदा सांगितली आहे, ‘भाषा मेली तरी सण उरतो’ याचे उदाहरण म्हणून. ओकलीत प्रथमच जाणवले, की उरलेला सण मुका असतो आणि ते मुकेपण साजरे करणाऱ्यांनाच टोचत असते.

शनिवारी मध्यरात्री चर्चमधले दिवे मालवले गेले. मग आतून एक ज्योत आली आणि तिच्यावरून पेटत पेटत शेकडो मेणबत्त्यांचा उजेड अंगणात पसरला. ती ज्योत वाऱ्यापासून जपत घरी आणायची आणि चौकटीच्या वरच्या पट्टीवर काजळीने क्रूस रेखायचा. त्यानंतर अंड्यांची झुंज. एकाने आपले अंडे दुसऱ्याच्या अंड्यावर आपटायचे. ज्याचे फुटणार नाही तो वर्षभर भाग्यवान. पण त्याआधी एकाने ‘ख्रिस्तोस अनेस्ती’ म्हणायचे आणि दुसऱ्याने ‘अलिथोस अनेस्ती’ असे उत्तर द्यायचे. ख्रिस्त उठला, खरोखर उठला. नात घाईने इंग्रजीत काही बोलून अंडे पुढे करू लागली. यायांनी आपली मूठ मागे घेतली. रागावल्या नाहीत, फक्त थांबल्या. शब्द आल्याशिवाय खेळ नाही. शब्द आला.

“अनेस्ती म्हणजे नेमके काय?” भाच्याने विचारले. नातीला सांगता येईना. पदव्युत्तर वर्गाला भाषाशास्त्र शिकवणारा मी, प्रथमच उपयोगी पडलो. हे प्राचीन ग्रीकमधले रूप आहे. आजच्या बोलीत ते या अभिवादनापुरतेच उरले आहे. ‘अना’ म्हणजे वर, आणि पुढचा धातू संस्कृत ‘स्था’चा सख्खा भाऊ. त्याच ‘स्था’ला ‘उद्’ लागून प्राकृत ‘उट्ठ’ आणि आपले ‘उठणे’ झाले. “म्हणजे आई रोज सकाळी ओरडते तेच?” भाचा म्हणाला. हो, तेच. यायांना ते समजावल्यावर त्यांनी “ऊठ, ऊठ” असे दोनदा घोळवून पाहिले.

हे सारे मी भाच्याला इंग्रजीत सांगितले होते. तेवढेच नव्हे, आल्यापासूनचे दहा दिवस मी त्याच्याशी इंग्रजीतच बोलत होतो. त्याला अवघडू नये म्हणून, असे स्वतःला बजावीत होतो. खरे तर त्याची मराठी ऐकत थांबण्याचा धीर मला नव्हता. मराठीच्या अस्तावर परिसंवादांत तावातावाने बोलणाऱ्या माझ्याजवळ, मूठ मागे घेऊन थांबण्याइतकी माया नव्हती. भाषा पुढच्या पिढीला देणे म्हणजे बहुधा एवढेच: आपल्याला जे द्यायचे आहे ते हातात धरून, शब्द येईपर्यंत थांबणे. शनिवारची शाळा हे थांबणे शिकवू शकत नाही.

पुढच्या रविवारी वाईला आईला फोन लावला. एरवी भाचा इंग्रजीत बोलतो आणि बहीण दुभाषी होते. मी बहिणीला गप्प राहण्याची खूण केली. बराच वेळ शांतता. मग तो म्हणाला, “आजी, उठलीस का?” पहाटे चारला उठणारी आई म्हणाली, “आत्ताच उठले रे बाळा.”

पुढचे बोलणे इंग्रजीतच झाले.