अद

९ सप्टेंबर, यवतमाळ

पांढरकवड्याकडच्या शाळेतून आणलेल्या सहावीच्या वह्या रात्री वाचून काढल्या. निबंधाचा विषय ‘माय मदर’. एका मुलीने लिहिलंय, ‘इट कुक्स फूड.’ ‘इट’भोवती लाल गोल. आणखी चार वह्यांत तोच गोल. दुसऱ्या एका मुलाने मोडक्या खुर्चीला ‘शी’ म्हटलंय, तिथेही लाल गोल. प्रबंधाच्या आराखड्यात मीही या सगळ्या चुका सर्वनामांच्या एकाच खान्यात टाकल्या होत्या. खुर्चीचं कारण उघड आहे, मराठीत खुर्ची ‘ती’. पण आई ‘इट’ कशी झाली? मराठी तसं म्हणू देत नाही.

१० सप्टेंबर

त्या वर्गाच्या सरांना फोन करून विचारलं. ती पाचही मुलं कोलामांच्या पोडावरची, म्हणजे वस्तीवरची.

कपाटातून एमेनोंच्या कोलामी व्याकरणाची झेरॉक्स काढली. १९५५ चं पुस्तक. वर्धा जिल्ह्यातल्या कोलामांकडून त्यांनी ही भाषा टिपली होती. कोलामी द्राविडी कुळातली, तेलुगूची लांबची नातलग. तिच्यात पुरुष एका बाजूला आणि बाई, जनावर, वस्तू सगळं दुसऱ्या बाजूला. ‘ती’ आणि ‘ते’ या दोन्हींसाठी शब्द एकच : अद.

उठून खोलीत दोन फेऱ्या मारल्या. पुस्तक सहा वर्षं माझ्या घरात होतं.

११ सप्टेंबर

कॉर्डर यांचा १९६७ चा लेख पुन्हा वाचला. शिकणाऱ्याची चूक म्हणजे त्याच्या मनात त्या घडीला जो नियम चालू असतो त्याचा पुरावा, हे मी एम.ए.च्या वर्गाला दरवर्षी सांगते. त्या पाच मुलांचा नियम पक्का होता. त्यांच्यासाठी मराठी शाळेची भाषा, इंग्रजी तिसरी. २००० सालापासून राज्यात पहिलीपासून इंग्रजी आहे, म्हणजे घरची भाषा सोडून दोन भाषा एकदमच अंगावर येतात.

२४ सप्टेंबर

पोडावर जाऊन आले. एका आजींना विचारलं, लेक आली हे कसं सांगता, बकरी आली हे कसं सांगता? त्यांनी दोन्ही म्हणून दाखवलं. क्रियापदाचं रूप एकच. मी पुन्हा पुन्हा विचारते म्हणून त्या हसल्या, “बाई, आली म्हंजे आलीच ना.” घराला त्या ‘एल्ला’ म्हणतात, पाण्याला ‘ईर’. चहा घेतल्याशिवाय उठू दिलं नाही.

८ ऑक्टोबर

शाळेत चालू वर्तमानकाळ. सरांची परवानगी घेऊन मी तास घेतला. ‘शुद्ध बोला’ची सवय लागलेली, त्यामुळे मुलं आधी गप्पच. लहानपणी डोळ्याला ‘डोया’ म्हटल्याबद्दल मीही वर्गात उभी राहिले आहे, ते गप्प बसणं मला ओळखता येतं.

फळ्यावर मीच वऱ्हाडीत लिहिलं : बाबा रोज वावरात जाते. बाबा आता वावरात जाऊन राह्यले. वर्गात खसखस पिकली, मग एकेक बोलू लागला. प्रमाण मराठीत ‘बाबा जातात’ दोन्हीकडे खपून जातं, वऱ्हाडी तिथे ‘राह्यले’ लावून फरक दाखवते. इंग्रजीही तेच करते. मागच्या बाकावरचा मुलगा म्हणाला, “आई कापूस वेचून राह्यली. मदर इज पिकिंग कॉटन.” त्याला कुणी सांगावं लागलं नाही.

९ ऑक्टोबर

कालच्या आनंदात एक गोष्ट राहून गेली. ‘मले समजून राह्यलं’ हेही वऱ्हाडीच आहे आणि त्यातून ‘आय ॲम अंडरस्टँडिंग’ येतं. हा पूल सगळीकडे नेत नाही. प्रबंधात हे स्पष्ट लिहायचं.

१९ नोव्हेंबर

वेचणी सुरू आहे, वर्ग अर्धा रिकामा. ‘इट’वाली मुलगी मात्र आलेली. मी कोलामी, मराठी, इंग्रजी असे तीन रकाने आखले. इंग्रजीत बाईला वेगळा शब्द आहे, एवढंच सांगितलं. लाल पेन बॅगेतच ठेवलं. ती बराच वेळ बघत राहिली. “आमच्यात आई बी अद अन् बकरी बी अद,” असं म्हणून तिने आईपुढे ‘शी’ लिहिलं, बकरीपुढे ‘इट’. मग पेन उचलून विचारलं, “मॅडम, बकरीले पिल्लं झाले तं?”

मराठी घरातली मुलं इथे काय लिहितील, ते उद्या दुसऱ्या शाळेत विचारायचं.