तोरणमाळची थंडी

मे महिन्यात जळगाव-धुळ्याचे रस्ते तव्यासारखे तापले, की आम्हां खानदेशी माणसांच्या तोंडी तोरणमाळचे नाव येते. १९९८ साली नंदुरबार जिल्हा धुळ्यापासून निराळा झाला, तरी ते ठिकाण आम्हांला अजून घरचेच वाटते! पण तिथली थंडी खरी अनुभवावी ती दिवाळीनंतर.

म्हणून गेल्या दिवाळीच्या सुटीत सहकुटुंब गेलो. शहाद्याहून मोटार निघाली. सातपायरीच्या घाटात सौभाग्यवतींनी डोळे मिटून घेतले, मुलांनी मात्र विस्फारले. वर यशवंत तलाव, सीताखाईची दरी, गोरखनाथाचे देऊळ. आणि गारठा असा, की ट्रंकेतल्या शाली सार्थकी लागल्या.

परतताना घाटाखाली एक मालमोटार उभी दिसली. तीत पावरा कुटुंबे, भांडी, गोधड्या, कोंबड्या. एवढ्यात "सर!" अशी हाक आली. गेली दोन वर्षे दुसऱ्या सत्रात ज्याच्या नावापुढे मी 'गैरहजर' लिहीत आलो, तोच विद्यार्थी!

"कुठे रे निघालास?"

"गुजरातेत, सर. ऊसतोडीला."

आम्ही हवा खायला वर जातो, त्याच दिवसांत ही माणसे पोटासाठी खाली उतरतात! मला काही बोलवेना.

गाडी हलली, तसा तो ओरडून म्हणाला, "सर, होळीला या. तेव्हा आम्ही घरी असतो."